सिनेमाने गाळलेली तीन वर्षे

दुसऱ्या महायुद्धावरील चित्रपट आपल्या मंडळींत आवडीने पाहिले जातात. वय झाले, बाहेर जाणे कमी झाले, तरी टेलिव्हिजनवर खाली हिब्रू अक्षरे येत असली म्हणजे जर्मन चित्रपटही समजतो. अलीकडे आम्ही असे तीन चित्रपट लागोपाठ पाहिले. पहिला अमेरिकन, 'व्हाल्किरी' (२००८). बाकीचे दोन जर्मन: 'असत्याचा चक्रव्यूह' असे ज्याचे नाव मराठीत करता येईल तो २०१४ सालचा, आणि 'सरकार विरुद्ध फ्रिट्झ बाऊअर' हा २०१५ सालचा.

तिन्ही जोडून पाहिले म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. पहिल्याची कथा १९४४ साली संपते. दुसऱ्या दोहोंची १९५७-५८ साली सुरू होते. मधल्या काळात, म्हणजे १९४९ ते १९५२ या तीन वर्षांत, पश्चिम जर्मनीत नाझी विचारांचा एक पक्ष जन्मला, निवडणुका जिंकू लागला आणि न्यायालयाच्या हुकुमाने बंद झाला. त्या पक्षाचा सर्वांत गाजलेला पुढारी हा पहिल्या चित्रपटातील एक पात्र आहे. त्या पुढाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे सरकारी वकील हे पुढच्या दोन चित्रपटांतील पात्र आहे. दोन्ही टोके पडद्यावर आली, मधली गाठ तेवढी सुटली. आमच्या मते ती गाठच खरी गोष्ट होती.

'व्हाल्किरी' पुष्कळांनी पाहिला असेल. टॉम क्रूझ त्यात कर्नल श्टाउफेनबर्ग झाला आहे. २० जुलै १९४४ रोजी त्याने हिटलरच्या खोलीत बॉम्ब ठेवला, हिटलर वाचला, आणि त्याच रात्री श्टाउफेनबर्गला बर्लिनमध्ये गोळी घालण्यात आली. बर्लिनच्या पहारा-पलटणीचा मेजर ओट्टो एर्न्स्ट रेमर याला बंडवाल्यांनी सरकारी कचेऱ्या वेढण्याचा हुकूम दिला होता. तो गोबेल्सकडे गेला. गोबेल्सने टेलिफोन लावून दिला, पलीकडून हिटलरचा आवाज आला, आणि रेमरने आपली पलटण बंडवाल्यांवर फिरविली. थॉमस क्रेचमान या नटाने हा प्रसंग चांगला केला आहे. चेहऱ्यावर शिस्त, डोळ्यांत गोंधळ, कानात मालकाचा आवाज. हुकुमाचा ताबेदार, साधा शिपाईगडी, अशी त्याची छाप पडते.

आमचा आक्षेप इथेच आहे. ही 'साध्या शिपायाची' छबी चित्रपटकारांनी नव्याने घडवलेली नाही. ती खुद्द रेमरने १९५० व १९५१ साली सभांतून विकली होती. त्या दिवसाच्या बक्षिसादाखल त्याला बढत्या मिळत गेल्या आणि युद्ध संपेपर्यंत तो मेजर-जनरल झाला. सुटून आल्यावर 'हिटलरला वाचविणारा माणूस' हेच त्याचे भांडवल होते. ज्या देशात सहा वर्षांपूर्वी हे वाक्य उच्चारायला लाज वाटायला हवी होती, तिथे त्यावर सभागृहे भरत होती. पडद्यावरचा रेमर टेलिफोन खाली ठेवतो व आपले काम आटोपून निघून जातो. खरा रेमर कुठेच गेला नव्हता.

आता त्या पक्षाविषयी. त्याचे नाव 'समाजवादी राइश पक्ष'. २ ऑक्टोबर १९४९ रोजी तो हामेल्न या गावी स्थापन झाला. गावाचे नाव ओळखीचे वाटेल. मुंबईच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला हॅमलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट आपण सर्वांनी घोकली आहे. उंदीर गेले आणि मागोमाग मुलेही गेली, तेच हे गाव. पक्षाचा अध्यक्ष फ्रिट्झ डोर्ल्स, उपाध्यक्ष रेमर. डोर्ल्स हा दुसऱ्या एका उजव्या पक्षाच्या यादीतून बॉनच्या संसदेत आधीच निवडून आलेला होता. या मंडळींचे म्हणणे असे की राइश मेलेलेच नाही, बॉनचे सरकार हे परक्यांचे बाहुले आहे आणि पराभव झाला तो घरच्या गद्दारांमुळे. छळछावण्यांविषयी ते सांगत की तिथल्या भट्ट्या व चित्रफिती ही अमेरिकनांची बनवाबनवी. उघड नाझी चिन्हे ते वापरत नसत, पण सभेच्या दाराशी गणवेशातील स्वयंसेवक उभे असत आणि हुकूम वरून खाली येत. सभासद दहा हजारांच्या आसपास.

या पक्षाच्या एका खासदाराची कथा सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही, कारण तो स्वतःला आमचाच व्यवसायबंधू म्हणवीत असे. डॉक्टर फ्रान्झ रिश्टर, पूर्वेकडून निर्वासित होऊन आलेला शाळामास्तर. काही काळ त्याने लोअर सॅक्सनीतील एका शाळेत मुलांना शिकविलेही. पुढे तो संसदेत गेला आणि या पक्षात शिरला. फेब्रुवारी १९५२ मध्ये उघडकीस आले की रिश्टर नावाचा असा कोणी माणूस नाहीच. हा फ्रिट्झ रोस्लर, नाझी पक्षाचा जुना अधिकारी. त्याने स्वतःच्या मृत्यूची नोंद करवून घेतली होती आणि नवे नाव घेऊन आपल्याच 'विधवे'शी पुन्हा लग्न लावले होते! संसदेच्या इमारतीतच त्याला पकडले व पुढे अठरा महिन्यांची कैद झाली. अशा प्रसंगावर एखादा दिग्दर्शक चित्रपट का काढत नाही कोण जाणे. त्या शाळेतील मुलांच्या वह्यांत त्याने कसला इतिहास उतरवून दिला असेल, हाही प्रश्न आमच्या मनात येतोच.

हा सारा पोरखेळ समजून सोडून देता आला असता, पण ६ मे १९५१ रोजी लोअर सॅक्सनी प्रांताची निवडणूक झाली. पक्षाला ११ टक्के मते पडली, साडेतीन लाखांहून अधिक, आणि प्रांतिक विधिमंडळात १६ जागा मिळाल्या. ऑक्टोबरात ब्रेमेनमध्ये ७.७ टक्के मते व ८ जागा. ऑशवित्झ मुक्त होऊन तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षे झाली होती.

लोअर सॅक्सनीच का? हा शेतकऱ्यांचा प्रांत. युद्धानंतर पूर्वेकडून हाकलले गेलेले जर्मन निर्वासित इथे येऊन पडले, इतके की लोकसंख्येचा जवळजवळ चौथा हिस्सा तेच होते. परक्याच्या घराची एक खोली, काम नाही, गाव कायमचे गेलेले. शिवाय पेन्शन बंद झालेले लष्करी अधिकारी आणि नोकरीवरून काढलेले नाझी काळातले कारकून. रेमर त्यांना सांगे की तुम्ही काही वाईट केले नाही, तुमचा विश्वासघात झाला. भाकरीपेक्षाही हे वाक्य त्यांना गोड लागे. हे समजून घेतले पाहिजे; माफ करण्याचा प्रश्न वेगळा.

त्या वर्षी आपली पहिली आलिया केलेली मंडळी इथे मआबारातील तंबूंत चिखल तुडवीत होती. रेशनवर अंडी मिळत आणि भाताची आठवण येई. जर्मनीच्या एका प्रांतात कोणाला किती जागा मिळाल्या हे पाहायला सवड कोणाला होती? तरी संबंध होताच. जानेवारी १९५२ मध्ये जर्मनीशी नुकसानभरपाईची बोलणी करावी की नाही यावर क्नेसेटमध्ये वाद पेटला आणि बाहेर रस्त्यावर दगडफेक झाली. बेन-गुरिअन बोलणी करण्याच्या बाजूने होते, बेगिन यांचा कडवा विरोध होता. ज्या जर्मनीशी बोलायचे ती कोणती, हा त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न. लोअर सॅक्सनीचे आकडे विरोधकांच्या बाजूने साक्ष देत होते. दुसऱ्या बाजूची साक्ष दोन महिन्यांनी, मार्च १९५२ मध्ये, त्याच प्रांतातल्या ब्राऊनश्वाइग शहरात झाली.

ती हकीकत अशी. निवडणुकीच्या तीन दिवस आधी, ३ मे १९५१ रोजी, रेमरने ब्राऊनश्वाइगच्या सभेत २० जुलैच्या बंडवाल्यांना देशद्रोही म्हटले, आणि त्यांतले काही परदेशाकडून पैसे खाणारे होते असेही म्हटले. आपल्याकडे 'सूर्याजी पिसाळ' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. इतिहासकार त्या माणसाविषयी काहीही म्हणोत, नाव शिवी होऊन बसले. फासावर गेलेल्या माणसांचे त्या देशात नेमके असेच झाले होते. त्यांच्या विधवा व मुले गद्दाराची बायको, गद्दाराचे पोर म्हणून जगत होती. केंद्रीय गृहमंत्री रोबर्ट लेर यांनी फिर्याद केली. स्थानिक सरकारी वकील स्वतः जुना नाझी. त्याला यात खटला करण्यासारखे काही दिसेना. तेव्हा प्रकरण त्याच्याकडून काढून घेऊन मुख्य सरकारी वकिलांनी स्वतः हाती घेतले. ते फ्रिट्झ बाऊअर.

बाऊअर श्टुटगार्टचे, यहुदी घराण्यातले, जन्म १९०३. तरुणपणीच न्यायाधीश झाले. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना छळछावणीत टाकले व नोकरीवरून काढले. १९३६ साली ते डेन्मार्कला गेले आणि १९४३ मध्ये तिथून जीव वाचवून स्वीडनला. १९४९ मध्ये ते परत आले. परत का आले हे आपल्यापैकी पुष्कळांना कळणार नाही. पण आले, आणि या खटल्यात उभे राहिले.

७ मार्च १९५२ रोजी खटला सुरू झाला. बाऊअर यांनी तो नुसत्या अब्रुनुकसानीचा ठेवला नाही. पहिला प्रश्न शपथेचा. सैनिकाने हिटलरशी एकनिष्ठेची शपथ घेतली होती, ती मोडली म्हणजे पाप नव्हे काय? यावर त्यांनी प्रोटेस्टंट व कॅथलिक धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांना साक्षीला बोलाविले. आपल्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. शास्ते पुस्तकातील इफ्ताहाने नवसापायी पोटची मुलगी गमावली. असला नवस पाळणे पुण्य की मोडणे पुण्य, यावर आपल्या सभास्थानांत वडीलधारी माणसे वाद घालीत आली आहेत. धर्मपंडितांच्या सांगण्याचा मथितार्थ असा की जी शपथ माणसाला गुन्ह्याचा गुलाम करते ती परमेश्वरापुढे बांधत नाही.

दुसरा प्रश्न देशद्रोहाचा. इथे बाऊअर यांनी जो युक्तिवाद केला तो एखाद्या हुशार मुलालाही समजेल इतका सरळ आहे. घरात दरोडेखोर शिरला तर कोणालाही स्वतःचा वा शेजाऱ्याचा जीव वाचविण्याचा हक्क आहे, हे जर्मन फौजदारी कायद्यातच लिहिलेले होते. जे राज्य रोज हजारो माणसांचे खून करते, ते राज्यच दरोडेखोर. मग त्याच्याविरुद्ध हात उचलणे हा द्रोह नसून बचाव आहे. आणि ज्यांचा जीव धोक्यात होता त्या यहुद्यांच्या मदतीला धावून जाण्याचा प्रत्येक माणसाला कायदेशीर हक्क होता, असे त्यांनी भर न्यायालयात सांगितले. खटला जर्मन अधिकाऱ्यांच्या इभ्रतीचा होता, आपले मृत त्यात फिर्यादी नव्हते. तरी या एका मुद्द्याने ते न्यायालयात हजर झाले.

यिर्मयाची आठवण होते. यरुशलेमचा वेढा तात्पुरता उठलेला असताना बन्यामिनी वेशीत त्याला पकडले, तू शत्रूला मिळायला चालला आहेस असे म्हटले, मारले आणि कोंडले. ज्याने नगर वाचावे म्हणून तोंड उघडले तोच फितूर ठरला. ब्राऊनश्वाइगमध्ये हा आरोप आठ वर्षांनी का होईना, न्यायालयात तपासून पाहिला गेला.

बाऊअर यांच्या भाषणातील एक गोष्ट आम्हां शिक्षकांना विशेष भावते. श्टाउफेनबर्ग ज्या श्टुटगार्टच्या शाळेत शिकला, त्याच शाळेचे बाऊअर विद्यार्थी. त्यांनी न्यायाधीशांना त्या शाळेची आठवण सांगितली आणि शिलरच्या 'विल्हेल्म टेल' नाटकाचा दाखला दिला, जुलमी सत्तेविरुद्ध शेतकरी शपथ घेतात तो प्रवेश. एक यहुदी मुलगा, एक सरदारघराण्यातला मुलगा, दोघांच्या हातात एकच क्रमिक नाटक. ज्या भाषेने गद्दार ठरवले त्याच भाषेच्या पाठ्यपुस्तकातून त्यांनी उत्तर काढून दिले.

मुख्य न्यायाधीश योआखिम हेप्पे हे स्वतः स्टॅलिनग्राडला लढून रशियनांच्या कैदेत राहून आलेले. १५ मार्चला निकाल लागला. नाझी राज्य हे कायद्याचे राज्य नव्हते, आणि त्याच्याविरुद्ध उठलेले हे लोक देशद्रोही नव्हते. रेमरला तीन महिन्यांची कैद. शिक्षा क्षुल्लक आहे, पण ज्या शब्दावर पक्षाची सभा भरत होती तो शब्द न्यायालयाने त्यांच्या हातून काढून घेतला.

बंदीचा भाग त्यामानाने लवकर सांगून होतो. निवडणुकीच्या दोन दिवस आधीच सरकारने बंदी मागायचे ठरविले होते. पण कार्ल्सरुहे येथील घटना न्यायालय सप्टेंबर १९५१ मध्येच उघडले आणि अर्ज नोव्हेंबरात गेला. निकाल विरुद्ध जाणार असे दिसताच १२ सप्टेंबर १९५२ रोजी पक्षाने स्वतःच आपले विसर्जन जाहीर केले. बरोबर दोन दिवसांपूर्वी लक्झेंबर्गला इस्राएल व जर्मनीच्या भरपाई करारावर सह्या झाल्या होत्या. न्यायालयाने पळवाट मानली नाही. २३ ऑक्टोबर १९५२ रोजी पक्ष घटनाविरोधी ठरवून बंद केला, त्याच्या जागी दुसरा काढण्यास मनाई केली आणि निवडून आलेल्यांच्या जागा रद्द केल्या. पश्चिम जर्मनीत बंद झालेला हा पहिला पक्ष.

आता दोन जर्मन चित्रपटांकडे परत येऊ. 'चक्रव्यूह' आम्हांला सौम्य वाटला. फ्रँकफुर्टच्या ऑशवित्झ खटल्याची तयारी ज्या तीन तरुण सरकारी वकिलांनी केली, त्यांचा मिळून एक देखणा काल्पनिक नायक केला आहे, त्याला प्रेमप्रकरण दिले आहे, आणि बाऊअर यांना कोपऱ्यातील खुर्चीत बसविले आहे. साक्षीदार बोलतात आणि टंकलेखिकेला रडू आवरत नाही, तो भाग मात्र शब्दांवाचून केला आहे व उत्तम आहे.

'सरकार विरुद्ध बाऊअर' हा अधिक कसदार. बुर्गहार्ट क्लाउसनर या नटाने केलेले बाऊअर विसरता येत नाहीत: विस्कटलेले पांढरे केस, सतत सिगारेट, श्टुटगार्टकडची बोली, आणि थकव्यातही चमकणारी चेष्टा. आइशमान अर्जेंटिनात असल्याची खबर बाऊअर यांनी आपल्या सरकारपासून लपवून इस्राएलला दिली, ही त्याची कथा, आणि ती खरी आहे. पण दिग्दर्शक लार्स क्राउमे यांनी एक काल्पनिक मदतनीस वकील घुसवून त्याच्या खासगी भानगडींना चित्रपटाचा मोठा वाटा दिला. तेवढ्या वेळात ब्राऊनश्वाइगचा खटला सहज बसला असता. तो नसल्यामुळे प्रेक्षकाचा समज होतो की हा माणूस एकटाच होता व सारे सरकार त्याच्यावर उलटले होते. १९५२ मध्ये तसे नव्हते. एक मंत्री, एक युद्धकैदी न्यायाधीश, काही धर्मपंडित, आणि नवऱ्यांसाठी न्याय मागणाऱ्या काही विधवा त्याच्या बाजूने उभ्या होत्या. चित्रपटाचे नाव अर्धेच खरे आहे.

दुसरे अर्धे खरे नाही असेही नव्हे. पक्ष बंद झाला म्हणून त्याचे मतदार कुठे गेले? कोणी इतर पक्षांत शिरले. १९५५ साली लोअर सॅक्सनीतच दुसऱ्या एका राइशवादी पक्षाने सहा जागा मिळविल्या. ज्या १९५१ सालात बंदीचा ठराव झाला त्याच साली संसदेने कायदा करून काढून टाकलेल्या जुन्या अधिकाऱ्यांना नोकरीचे व पेन्शनचे दरवाजे पुन्हा उघडले. रेमरच्या सभा ओस पडण्यामागे या पेन्शनीचाही हात होता. आणि तेच अधिकारी मग कचेऱ्यांत बसून बाऊअर यांच्या फायली अडवू लागले. १९५७ चे अंधारलेले फ्रँकफुर्ट असे तयार झाले. चित्रपट अंधार दाखवितो, तो कुठून आला हे सांगत नाही.

बंदीने काय साधते हा वाद जर्मनीत अजून मिटलेला नाही. २०१७ साली घटना न्यायालयाने दुसऱ्या एका अतिउजव्या पक्षाची उद्दिष्टे घटनेविरुद्ध आहेत असे मानले, पण तो इतका दुबळा की बंदीची गरज नाही, असे म्हणून सोडून दिले. आम्ही वकील नव्हे. पण लहान असताना सोडायचे आणि मोठा झाल्यावर हात लावायला भ्यायचे, हे आम्हांला वर्गातल्या दांडगटाच्या बाबतीतही कधी पटले नाही.

रेमरने ती तीन महिन्यांची कैद भोगली नाही. तो इजिप्तला पळाला, नंतर परत आला, आणि म्हातारपणीही तेच बोलत राहिला. १९९२ साली शोआ झालाच नाही असा प्रचार केल्याबद्दल त्याला बावीस महिन्यांची शिक्षा झाली. तो स्पेनला पळाला. स्पेनने त्याला परत पाठविण्यास नकार दिला. १९९७ मध्ये तो तिथेच, समुद्राकाठच्या मार्बेया गावी मेला. बाऊअर १९६८ मध्येच गेले होते. ब्राऊनश्वाइगच्या आपल्या कचेरीच्या भिंतीवर त्यांनी जर्मन घटनेचे पहिले कलम कोरवून घेतले होते, मनुष्याच्या प्रतिष्ठेला कोणी हात लावू शकत नाही या अर्थाचे. आज त्या चौकाला त्यांचे नाव आहे.

वाचकांनी तिन्ही चित्रपट जरूर पाहावेत. नातवंडे सोबत असतील तर आधी 'व्हाल्किरी', मग 'बाऊअर'. 'व्हाल्किरी'त तो टेलिफोनचा प्रसंग आला की जरा थांबवावा, आणि पोरांना सांगावे की या मेजरचे पुढे काय झाले ते यात नाही, ते आजोबा सांगतील.